‘पोटभर’पुढची रिकामी जागा

अनंतराव, गेल्या रविवारी तुमच्या शोकसभेत मी मध्येच उठून उभा राहिलो. श्रद्धांजली वाहायला नव्हे, हरकत घ्यायला. शोकसभेत हरकत घेण्याची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्याच्यासाठी सभा भरली त्याने स्वतःलाही ओळखू नये असे वर्णन त्याच्याच फोटोसमोर करण्याची पद्धत तरी कोणी सुरू केली?

चार वक्त्यांनी चार अनंतराव उभे केले आणि त्यांतला एकही माझ्या परिचयाचा नव्हता. एक म्हणाले, तुम्ही मितभाषी होतात. मी हातातले घड्याळ पाहिले. तुम्ही बोलू लागल्यावर चुकलेल्या लोकल गाड्या मोजायच्या म्हटल्या तर ती सभा संपलीच नसती. दुसऱ्यांच्या मते तुम्ही कधी कोणाशी वाद घातला नाहीत. अनंतराव, सत्तेचाळीस वर्षे तुम्ही मग माझ्याशी काय घालत होतात? भजन?

हे सगळे मी गिळले. मग शिरीष उभा राहिला. येथल्या मराठी मंडळाचा सचिव म्हणून त्याने ते करायलाच हवे होते, आणि आपल्या रविवारच्या मराठी वर्गातला पहिल्या तुकडीचा विद्यार्थी म्हणून त्याच्याकडून मला थोडी आशाही होती. याच मुलाला ‘ळ’ म्हणता यावा म्हणून आपण दोघांनी एक अख्खा पावसाळा खर्च केला होता. त्याने डोळे पुसले आणि सांगितले, “दहाव्या दिवशी पान ठेवलं आणि हात मागे घ्यायच्या आत कावळा शिवला. मी स्वतः पाहिलं. काका पोटभर जेवून तृप्त होऊन गेले. त्यांच्या वहीत ‘पोटभर’ या शब्दापुढची जागा रिकामी राहिली आहे. वही छापताना तिथे हेच वाक्य घालू या.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत!

मी उठलो आणि म्हणालो, “हे चूक आहे.” टाळ्या थांबल्या. पहिल्या रांगेत तुमची सून मौशुमी बसली होती. शिरीषचे वाक्य ऐकून तेरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आले होते, आणि ते तसेच ठेवून तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “म्हणजे… ‘जेवून’नंतर स्वल्पविराम हवा.” सगळे हसले. मागून कोणीतरी म्हणाले, “मास्तर ते मास्तरच!” मी खाली बसलो. आयुष्यात पहिल्यांदा स्वल्पविरामाच्या आड लपलो, आणि तोही तुमच्यामुळे.

आता वहीविषयी, कारण तिच्याविषयीही लोकांनी भलतेच पसरवले आहे. ती वही ‘तुमची’ नव्हती. ती आपली होती. कोलकात्यात वाढणारी आपली मुले शाळेत इंग्रजी, गल्लीत बंगाली आणि दूरदर्शनसमोर हिंदी बोलतात. मराठी त्यांना उरते ती आईने हाक मारल्यापुरती. म्हणून घरातले शब्द गोळा करायचे, त्यांचा अर्थ लिहायचा आणि एकेका शब्दाला एकेक वाक्य द्यायचे, ही कल्पना माझी. तीन वर्षांच्या बदलीवर आलेला आणि येथून कधीच न हललेला बँकेचा अधिकारी तिला हातभार लावील असे वाटले, ही चूकही माझीच. अर्थ मी लिहीत असे, वाक्ये तुम्ही. ‘पाट’ झाला, ‘पातेले’ झाले, ‘पोळपाट’ही झाला. ‘पोटभर’ला आपण अडकलो ते अकरा वर्षे.

माझे म्हणणे सरळ होते. ओंजळभर म्हणजे ओंजळीत मावेल तेवढे. घरभर म्हणजे घर व्यापेल तेवढे. दिवसभर म्हणजे दिवस मावळेपर्यंत. त्याच न्यायाने पोटभर म्हणजे पोट भरेल इतके. माप कोणाचे? ज्याचे पोट, त्याचे. चाळीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाला यात वाद दिसत नाही. तुम्हाला दिसला.

“मास्तर, ओंजळ दिसते. घर दिसतं. पोट कुणाला दिसतं? म्हणून तर विचारावं लागतं. हा शब्द जेवणाऱ्याचा नाहीच मुळी. वाढणाऱ्याचा आहे.”

“मग तुमच्या मते अर्थ काय लिहायचा?”

“वाढणाऱ्याचं समाधान होईल इतकं.”

“हा अर्थ नव्हे, हा आग्रह आहे.”

“तेच म्हणतोय मी!”

वर्गातल्या एका मुलीने वाक्य लिहिले होते, ‘आजी फोनवर पोटभर बोलली.’ मी त्यावर काट मारली. तुम्ही माझी काट खोडून तिला पूर्ण गुण दिलेत आणि मला बाजूला घेऊन म्हणालात, “आजी नागपूरला, नात इथे. ती बिचारी फोनवरच वाढणार ना!” दुसऱ्या एका मुलाने विचारले, पोटापुरते आणि पोटभर यांत फरक काय? मी खडू उचलला होता. तुम्ही खुर्चीतूनच सांगून मोकळे झालात, “एकट्यानं जेवलं की पोटापुरतं.” सगळ्या मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. फळ्यावर मी काढलेले दोन रकाने एकानेही उतरवले नाहीत. हे मी विसरलेलो नाही.

तुमचा हा हट्ट कोठून आला, तेही मला ठाऊक आहे, कारण मी तेथे हजर होतो. मौशुमीचे वडील माझ्या शाळेत इतिहास शिकवीत आणि बराकपूरला माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहत. तुमच्या मुलासाठी तिला पाहायला तुम्ही आलात, तेव्हा मध्यस्थ म्हणून मी शेजारी बसलो होतो. आपल्याकडे ताट वाढून येते. काय काय आहे ते एका नजरेत कळते आणि माणूस त्या हिशेबाने जेवतो. बंगाल्यांकडे एक पदार्थ संपल्यावर दुसरा येतो. तुम्हाला कोलकात्यात येऊन बारा वर्षे झाली होती, पण बाराही वर्षे वहिनींच्या हातचे जेवण सोडून तुम्ही कोणाकडे पंगतीला बसला नव्हतात. समोर भात, कडसर भाजी, डाळ आणि तळलेली वांगी आली. तुम्हाला वाटले, स्वयंपाक एवढाच. साधी माणसे आहेत, त्यांना बरे वाटावे, म्हणून तुम्ही डाळभात तीनदा मागून घेतलात. मी टेबलाखालून तुमच्या पायाला पाय लावत होतो, तुम्ही पाय आखडून घेतलात आणि पोटावरून हात फिरवून जाहीर केलेत, “वा! पोटभर झालं!”

तेव्हा आतून रोहू आला. त्यामागून कोलंबी, मग मटण, मग टोमॅटोची चटणी, पापड, गोड दही आणि दोन प्रकारचे संदेश. मौशुमीची आई प्रत्येक पदार्थ स्वतः घेऊन येई आणि दारात उभी राहून तुमच्या तोंडाकडे पाहत राही. तुम्ही एकालाही नाही म्हटले नाही. जेवण झाल्यावर त्या बाईंनी विचारले, “पेट भोरे खेलेन तो?” बंगालीतही हाच प्रश्न, अगदी हाच. तुम्ही मान डोलावलीत, कारण बोलण्याइतका श्वास तुमच्यात उरला नव्हता.

स्टेशनच्या रस्त्यावर पट्टा दोन भोके सैल करून तुम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलात. मी म्हणालो, “मी पाय लावत होतो, कळलं नाही?” तुम्ही म्हणालात, “मास्तर, पोट डाळीलाच भरलं होतं. पण पोटभर झालं नव्हतं. त्या बाईंचा चेहरा पाहिलात का शेवटी? तेव्हा झालं.” मी त्याला अपचनाची बडबड समजलो. आजही काही अंशी समजतो.

लग्न झाले. मौशुमी तुमच्या बेहाल्याच्या घरी आली आणि वहिनींकडून पोळ्या शिकली. पहिली दोन वर्षे ती मला, बंगालीत काकांना म्हणतात तसे, ‘काकू’ म्हणे, आणि तुम्ही दर वेळी आतून डोकावून “कोण काकू आल्या?” म्हणून विचारत असा. वहिनी गेल्यानंतर तुमचे ताट तीच वाढू लागली. दर गुरुवारी मी सियालदहला उतरून बस पकडून तुमच्याकडे जेवायला येई. व्हरांड्यात छोटे टेबल, समोर कठडा, पलीकडे आंब्याचे झाड. या गुरुवारांबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. घरी मी एकटा असतो आणि जे जेवतो ते पोटापुरते असते, हे तुम्हाला कळत होते. म्हणून तुम्ही दर बुधवारी फोन करून “उद्या या, त्या शब्दाचं ठरवून टाकू” असे म्हणत असा. अकरा वर्षे तो शब्द न ठरण्यामागे तुमचा काही डाव होता, असा मला आता संशय येऊ लागला आहे.

मग शेवटचे तीन महिने. डॉक्टर म्हणाले, वय आहे, भूक मंदावणारच. मंदावली नव्हती, अनंतराव, गेली होती. दोन घासांपुढे तुम्हाला अन्न जात नव्हते. एका गुरुवारी मी पाहिले, तुम्ही बोलता बोलता पोळीचे तुकडे करून कठड्यावर ठेवीत होतात आणि चार कावळे ओळीने बसून ते उचलीत होते.

“हे काय चाललंय?”

“काकबळी.”

“काकबळी जेवणाआधी घालतात. एक घास. ही दीड पोळी आहे.”

“मग दीड बळी समजा. हळू बोला, ती आत आहे.”

आणि मग तुम्ही माझ्याकडे एक गोष्ट मागितलीत. “ती विचारील तुम्हाला. मला विचारलं की मी थट्टेवारी नेतो, हे ती जाणते. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, पोटभर जेवले.”

“मी खोटं बोलत नाही.”

“खोटं कुठे आहे? पोट भरेल इतकं, हा तुमचाच अर्थ ना? माप ज्याचं पोट त्याचं. माझं दोन घासांत भरतं. तुमच्या व्याख्येनं मी पोटभर जेवलो.”

अकरा वर्षे ज्या व्याख्येला तुम्ही धुडकावलेत, ती गरज पडताच माझ्या हातात दिलीत. मला संताप आला. मौशुमी हात पुसत बाहेर आली. तिने विचारले, “काका, बाबा पोटभर जेवले ना?” मी म्हणालो, “हो.” त्यानंतर अकरा गुरुवार म्हणालो.

म्हणून सांगतो, दहाव्या दिवशीच्या त्या कावळ्यात चमत्कार नव्हता. घाटावर गर्दी होती, भटजींना पुढे जायचे होते. त्यांनी पान घरीच ठेवायला सांगितले. समीरने, तुमच्या मुलाने, ते त्याच कठड्यावर ठेवले, दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे तुमच्या जेवणाच्या वेळेला. कावळा शिवला नसता तरच नवल. ते तुमचे नेहमीचे जेवणकरी होते. दहा दिवस खानावळ बंद होती म्हणून उपाशी राहिले होते, एवढेच. आणि शिरीषने त्यातून तृप्ती काढली.

काल गुरुवार होता. मी बेहाल्याला गेलो. वाटेत ठरवले होते, की छापील पुस्तकात, मुलांच्या हातात, आपल्या दोघांच्या नावाखाली ते वाक्य जाऊ देणार नाही. आणि ते काढायचे तर का काढायचे, हे आधी मौशुमीला सांगायला हवे. समीर कामावर गेला होता. तिने व्हरांड्यातले टेबल मांडले होते, एकच ताट. मी तिला म्हणालो, “आधी बस. शिरीषचं वाक्य खोटं आहे.” आणि सगळे सांगितले. पोळी, कठडा, कावळे, माझे बारा वेळा ‘हो’ म्हणणे.

तिने मध्ये एकदाही अडवले नाही. एरवी तिच्या मराठीत पोळीचा पोळा होतो आणि भाताची भात. रागात मात्र एकही लिंग चुकत नाही, हे मला काल कळले.

“कठड्यावर तुपाचे डाग असायचे, काका. मी रोज पुसायचे. मला संशय होता.”

“मग तू…”

“म्हणूनच तुम्हाला विचारायचे. दर गुरुवारी. बाबा म्हणायचे, मास्तर भांडेल, चिडेल, पण मास्तर खोटं बोलणार नाही. तुम्ही हो म्हणालात, म्हणून मी मानलं.”

मी पुसलेल्या कठड्याकडे पाहिले.

“मी मऊ भात केला असता. पेज केली असती. दोन-दोन तासांनी दोन-दोन चमचे भरवले असते. तुम्ही दोघांनी मला पोळ्या लाटायला लावल्या. कावळ्यांसाठी.”

सत्तेचाळीस वर्षांत तुम्ही मला कधी निरुत्तर केले नाहीत, अनंतराव; तुम्ही मला फक्त दमवत होतात. तिने निरुत्तर केले. तुम्हाला तिचे कष्ट वाचवायचे नव्हते, तुम्हाला तिचा चेहरा वाचवायचा होता. त्या बराकपूरच्या जेवणासारखाच. आणि मला माझी व्याख्या वाचवायची होती. तिला काय हवे आहे, हे आपल्या दोघांपैकी एकानेही विचारले नाही. शब्द वाढणाऱ्याचा आहे म्हणून अकरा वर्षे भांडलात ना? मग वाढणारीला तिचा शब्द तुम्ही खोटा का परत केलात? हे मला तुम्हाला तोंडावर विचारायचे होते. तुम्ही तीन आठवडे थांबला असतात तर विचारले असते.

ती आत गेली. ताट वाढून आणले, माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, “जेवा.”

तेवढेच. इतक्या वर्षांत त्या घरात मला कोणी नुसते ‘जेवा’ म्हटले नव्हते. वहिनी म्हणत, “पोटभर जेवा हं.” मौशुमीही म्हणे. काल तिने तो शब्द वगळला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मी जेवलो. माझा नियम दोन पोळ्यांचा. तुम्ही त्याची पुष्कळ टिंगल केली आहे. दोन पोळ्या झाल्या. कठड्यावर चौघे येऊन बसले होते आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते, की माणूस बदलला तरी नियम तोच राहावा. मी त्यांना काही दिले नाही. आतून कोणी काही विचारले नाही. मी वाट पाहिली. मग मी हाक मारली, “मौशुमी, पोटभर झालं नाही. अजून एक पोळी वाढ.”

ती दारात आली. पाहुणा होऊन कोणी असे म्हणत नाही. मीही जन्मात कधी म्हटलेले नाही; ताटावर आडवा हात धरायचा, ही आपली रीत.

“खरं?” तिने विचारले.

“खरं.”

“तूप?”

“लाव.”

तिने गरम पोळी आणली आणि मी खाऊन संपवीपर्यंत ती टेबलापाशी उभी राहिली. एकदा माझ्या हाताकडे, एकदा कठड्याकडे. शेवटचा घास मी तिच्या देखत तोंडात घातला.

“आता झालं पोटभर?” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि आवाजात अजून राग होता.

“आता झालं.”

तिने ताट उचलले. “पुढच्या गुरुवारी मऊ भात करीन,” ती म्हणाली. माझे दात अजून शाबूत आहेत, हे मी तिला सांगितले नाही.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, आणि हे वाचून कोणी माझ्याकडे चौकशी केली तर मी नाकबूल होईन. माझे पोट दोन पोळ्यांनाच भरले होते. तरीही मी तिच्याशी खोटे बोललो नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते, याविषयी बराकपूरच्या रस्त्यावर, बंद दुकानाच्या पायरीवर बसून तुम्ही जे म्हणाला होतात, ते मी येथे पुन्हा लिहिणार नाही. तुम्हाला तेवढा आनंद मी देणार नाही.

शिरीषला आज सकाळी फोन केला. त्याचे वाक्य निघाले आहे. तो म्हणाला, “मास्तर, पण कावळा तर…” मी म्हणालो, “कावळ्याचं मला सांगू नकोस.” अर्थाच्या रकान्यात मी लिहिले आहे, ‘पोट भरेल इतके’. तो अर्थ बरोबर आहे आणि मी तो बदललेला नाही. वाक्याची जागा तुमची होती, ती तुम्ही रिकामी ठेवून गेलात. तेथे मी लिहिले आहे, ‘तिने विचारले, “पोटभर जेवलात ना?”’ वाक्य अर्थाशी नीट जुळत नाही, हे मला दिसते. मुलांनी विचारले तर काय सांगायचे, ते पाहू.

पुढच्या गुरुवारी मी जाणार आहे. मऊ भात खाणार आहे. जेवणाआधी कठड्यावर एक घास ठेवीन, एकच, नियमाप्रमाणे. त्याहून जास्त मागायला आलात, तर आधी ‘पोटभर’चे काय ते ठरवू आणि मग बघू.